किमया नेमकी कुणाची? चिनी किमयेचा इतिहास कुणी लिहिला आणि कसा

निळीशाई

मंडळी, गेले दोन महिने एकाच गोष्टीच्या मागे आहे, आता तुमच्या गळ्यात मारते. सुरुवात झाली एका उपशीर्षकापासून. जोसेफ नीडम यांच्या 'सायन्स अँड सिव्हिलायझेशन इन चायना' या अवाढव्य मालिकेतल्या पाचव्या खंडाचा तिसरा भाग (१९७६) हाती आला. उपशीर्षकाचा अर्थ साधारण असा: हिंगुळाच्या अमृतापासून कृत्रिम इन्शुलिनपर्यंतचा आढावा. हिंगूळ (पारा-गंधकाचं लाल खनिज) ठीक आहे, पण किमयेच्या, म्हणजे साध्या वस्तूचं सोनं नाहीतर अमृत करण्याच्या जुन्या विद्येच्या इतिहासात इन्शुलिन कुठून आलं?

उत्तर शोधताना कळलं की हा इतिहास लिहिणारे जवळजवळ सगळेच मुळात रसायनवाले. इतिहासकार नंतर आले.

नीडम (१९००–१९९५) केंब्रिजचे जीवरसायनज्ञ. भ्रूणाच्या रसायनावरचा त्यांचा तीन खंडी ग्रंथ १९३१ चा. १९३७ च्या सुमारास चीनमधून तीन तरुण संशोधक केंब्रिजला आले. त्यांतल्या लू ग्वेइजेन नानजिंगच्या, वडील औषधविक्रेते. त्यांच्यामुळे नीडम चाळिशीच्या उंबरठ्यावर चिनी लिपी गिरवायला बसले. दुसरे वांग यिंगलाई. १७ सप्टेंबर १९६५ रोजी चीनमध्ये बैलाचं इन्शुलिन प्रयोगशाळेत बनवून स्फटिकरूपात मिळालं, त्या कामात पुढे असलेल्या शांघायच्या जीवरसायन संस्थेचे प्रमुख हेच. आणि तिथलेच त्साओ थ्येनछिन हे चाळीसच्या दशकात केंब्रिजला होते, तेव्हा नीडमसाठी ताओपंथी ग्रंथांतले किमयेचे भाग वाचून टिपणं काढत होते! १९५२ ला ते मायदेशी परतले. म्हणजे उपशीर्षकातली दोन टोकं एकाच माणसाच्या आयुष्यात जुळलेली आहेत. नीडमनी ते आपल्या मित्रांसाठी लिहिलं असावं असा माझा आपला अंदाज.

पण त्याआधीची गोष्ट मला जास्त आवडते. किमयेचे चिनी ग्रंथ बहुतांशी 'दाओत्सांग' या ताओपंथी महासंग्रहात आहेत. १४४५ साली छापून पूर्ण झाला, सुमारे दीड हजार ग्रंथ. छपाईचे लाकडी ठसे १९०० च्या बॉक्सर बंडाच्या धामधुमीत नष्ट झाले. छापील संच मोजके, तेही मठांत कुलूपबंद. १९२३ ते १९२६ या काळात शांघायच्या कमर्शियल प्रेसने बीजिंगच्या बायुन ग्वान मठातल्या संचावरून फोटो काढून ११२० पुस्तिकांत त्याचं पुनर्मुद्रण केलं. प्रती फक्त ३५०. एवढ्यावर सगळं उभं आहे. तोपर्यंत बहुतेकांच्या हाती इकडचे तिकडचे उतारेच होते.

वाचणारे कोण? छेन ग्वोफू घ्या. हे पेशाने कागदाच्या लगद्याच्या, वनस्पतीतंतूंच्या रसायनाचे प्राध्यापक. त्यांनी या संग्रहातले ग्रंथ कधीचे, कुणाचे, याचा छडा लावणारं पुस्तक १९४९ ला काढलं. आजही त्याशिवाय पान हलत नाही म्हणतात. अमेरिकेत एमआयटीचे टेनी डेव्हिस: स्फोटकांच्या रसायनातलं मोठं नाव. १९३२ मध्ये त्यांनी वू लूछियांग यांच्यासोबत वेई बोयांगच्या दुसऱ्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या किमयाग्रंथाचं इंग्रजी भाषांतर छापलं. ज्यांच्या भट्टीतून पुढे बंदुकीची दारू निघाली त्यांचा ग्रंथ एका स्फोटकवाल्याने भाषांतरित करावा, हे मला भारी वाटलं. आणि वांग जिन यांनी तर १९२३ च्या सुमारास वूझू नावाची जुनी चिनी नाणी घेऊन त्यांतलं शिसं, कथील, जस्त मोजलं. ग्रंथ नाही तर नाणी तर आहेत!

बाकीचं प्रतिसादांत. माझी बोटं दुखली.

दुपारची झोप

वाखूसा (वाचनखूण साठवली). एक बाळबोध शंका: हे लोक सोनं करत होते की अमृत? आपल्या डोक्यात किमयागार म्हटलं की लोखंडाचं सोनं.

निळीशाई

बाळबोध अजिबात नाही. दोन्ही, आणि दोन्ही एकात एक. इ.स.पू. १३३ च्या सुमारास ली शाओजुन नावाच्या इसमाने हान सम्राट वू याला सांगितलं: चुलीच्या देवाची पूजा कर, मग हिंगुळाचं सोनं होईल, त्या सोन्याच्या भांड्यांत जेव, आयुष्य वाढेल, मग अमरांची गाठ पडेल. सोनं तिजोरीसाठी नव्हे, ताटासाठी!

पण त्याआधीच, इ.स.पू. १४४ मध्ये, खोटं सोनं करणाऱ्याला देहान्ताची शिक्षा फर्मावणारा हुकूम निघालेला आहे. म्हणजे धंदाही जोरात असणार. नीडमनी इथे एक फरक केला, तो पुढे सगळ्यांनी उचलला. एक, माहीत असून केलेली सोन्याची नक्कल. दोन, खरोखरच सोनं झालं या श्रद्धेने केलेलं काम. तिसरं आयुष्य वाढवण्याचं शास्त्र. दुसरं आणि तिसरं जिथे एकत्र येतं तिथे खरी किमया, आणि ती जोडी आधी चीनमध्ये जुळली, हा त्यांचा मुख्य दावा.

पेठेतला पाव्हणा

पण सोनाराला फसवणं इतकं सोपं होतं होय? आमच्या गल्लीतला सोनार नुसत्या वासावर सांगतो बेंटेक्स आहे म्हणून.

निळीशाई

हाच प्रश्न नीडमनाही पडला होता. अस्सल सोनं ओळखायची रीत, म्हणजे हाडांच्या राखेच्या मुशीत शिशाबरोबर वितळवून हीण काढायचं, ही फार जुनी. सोनारांना ठाऊकच होती. नीडमचं म्हणणं, ग्रंथ लिहिणारा पंडित आणि मूस हाताळणारा कारागीर यांचा संबंधच येत नसे. पंडिताला पिवळं, चकाकणारं, न गंजणारं दिसलं की त्याच्या व्याख्येत ते सोनंच. वर 'आमचं सोनं खाणीतल्यापेक्षा सरस' असंही म्हणायला मोकळा.

खलातली वैद्य

लेख वाचून राहवलं नाही म्हणून आयडी शोधून लॉगिन केलं. मी रसशास्त्राची, म्हणजे आयुर्वेदातल्या पारा-खनिजांच्या औषधांची. चौथ्या शतकातला गे होंग (२८३–३४३) लिहितो तो मुद्दा इथे यायला हवा: हिंगूळ तापवला की पारा होतो, आणि बदलत बदलत तो पुन्हा हिंगूळ होतो. पुढे तो वैतागतो की लोक यावर विश्वास ठेवत नाहीत. म्हणतात लाल वस्तूतून पांढरी कशी निघेल, आणि बाकीचे दगड जाळले की राख होते, मग हाच दगड वेगळा कसा?

हे मी डोळ्यांनी पाहिलंय, पदव्युत्तरला असताना. शुद्ध पारा आणि शुद्ध गंधक समभाग खलात घ्यायचा आणि घोटत राहायचं. पाऱ्याचा एकही चमकता कण दिसता कामा नये. होते ती कज्जली, नावासारखीच काजळ. बोटावर घासली की रेषांत शिरून बसते, दोन दिवस जात नाही. मग काचेची कुपी, प्रत्यक्षात बिअरची बाटली, कारण तिची काच टिकते. तिला मुलतानी मातीत भिजवलेल्या कापडाचे सात थर, प्रत्येक थर वाळल्यावर पुढचा. ही सात कपडमाती. एक तृतीयांशच भरायची, वाळूच्या यंत्रात बसवायची. आधी मंद आच, मग मध्यम, मग तीव्र. तोंडातून पिवळा धूर, गळा चोंदला की लाल केलेली सळई घालून मोकळा करायचा, नंतर तोंडाशी निळी ज्योत. ज्योत विझली की तांब्याचा पैसा तोंडावर धरून बघायचा. त्यावर पांढरी झाक आली की पारा उडायला लागला, ताबडतोब बूच. दुसऱ्या दिवशी पूर्ण थंड झाल्यावर बाटलीला रॉकेलचा दोरा बांधून पेटवायचा, ओलं फडकं गुंडाळायचं, टक्कन तुटते. आणि गळ्याशी आत लालभडक थर! काळ्याचं लाल झालेलं. हेच रससिंदूर. मी तेव्हा बावीस-तेवीसची, मला गे होंगच्या शेजाऱ्यांइतकंच नवल वाटलं होतं.

(घरी कुणी करू नका. पाऱ्याची वाफ म्हणजे थट्टा नाही. आम्हीही धुराड्याखाली, मुखपट्टी बांधून करायचो.)

अवांतर: चिनी लोक भांडं लिंपायला जी माती वापरत तिचं नाव 'सहा-आणि-एक', सात जिन्नस असत म्हणून. आमची कपडमातीही सातच. यावरून कोण कुणाकडून शिकलं असा धागा काढू नका म्हणजे झालं.

शंकेखोर

वैद्यबाई, वर्णन झकास. पण इथेच इतिहास लिहिणाऱ्यांची गोची आहे. गे होंगच्या वाक्यात गंधकाचा उल्लेख नाही. पारा एकटाच हवेत बराच वेळ तापत ठेवला तर लाल ऑक्साइड मिळतं. तेही लाल, पुन्हा तापवलं की तेही पारा देतं. मग 'पुन्हा हिंगूळ झाला' हे खरं हिंगूळ की ऑक्साइड, हे निव्वळ वाचून कसं ठरवणार? या ओळीवर अभ्यासकांत वाद झालेले आहेत. तुम्ही रससिंदूर केलेलं म्हणून तुम्हाला त्यात गंधक दिसला. रसायनज्ञाने वाचलं की त्याला त्याचं समीकरण दिसतं.

खलातली वैद्य

मान्य. मला गंधक दिसलाच. माझ्या हाताने वाचलं ते.

शंकेखोर

आता माझं खरं दुखणं. निळीशाई, तुम्ही नीडमवर जरा जास्तच खूश आहात. 'शरद-पाषाणा'चं प्रकरण घ्या. चिनी वैद्यकात 'छ्यूशी' नावाचं एक औषध, मूत्र आटवून केलेलं पांढरं खडेदार चूर्ण. १९६३ मध्ये लू आणि नीडम यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात लिहिलं की ही चक्क स्टेरॉइड संप्रेरकं होती, मध्ययुगात वेगळी काढलेली. आधार काय, तर एका कृतीत मूत्रात फेसाळ शेंगांचा रस घालतात (आपल्या रिठा-शिकेकाईसारखा), आणि १९०९ मध्ये विंडाउसने दाखवलं होतं की डिजिटोनिन या फेसाळ द्रव्याने कोलेस्टेरॉलसारखी स्टेरॉल खाली बसतात. दोन टोकं जोडली, झालं!

१९८१ मध्ये तैवानचे रसायनज्ञ ल्यू ग्वांगदिंग यांनी ते खोडलं. कुठलंही फेसाळ द्रव्य डिजिटोनिनचं काम करत नाही, आणि मूत्रातली संप्रेरकं दुसऱ्या रेणूंना जोडलेल्या रूपात असतात, ती अशी खाली बसतच नाहीत. नंतर चीनमध्ये जुन्या कृतींनी औषध करून तपासलं तेव्हा हाती आले मुख्यतः क्षार. नीडमनी हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण 'आधुनिक शोध आधीच चीनमध्ये' हे शोधायलाच निघालेल्या माणसाला ते सापडतंच. आपल्याकडे काही मंडळींना पुराणांत विमानं सापडतात तसं.

निळीशाई

विमानांशी तुलना अन्याय्य आहे! नीडम मूळ मजकूर, अनुवाद, आकृती सगळं छापतात, म्हणून तर खोडता आलं. विमानवाले कृती देतात का? पण छ्यूशीचं मान्य. ते प्रकरण मला माहीत होतं आणि मी लेखात गाळलं. का गाळलं ते विचारू नका.

तळघरातला मारुती

या दाव्यांची परंपरा नीडमच्या आधीची. १८०७ मध्ये युलिउस क्लाप्रोट याने सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत निबंध वाचला: म्हणे इ.स. ७५६ च्या एका चिनी हस्तलिखितात हवेत दोन घटक असल्याचं आणि सोरा तापवून त्यातला एक मिळतो असं लिहिलंय. थोडक्यात ऑक्सिजन, लाव्वाझिएच्या हजार वर्षं आधी. मूळ हस्तलिखित पुढे कुणालाच सापडलं नाही. तरी शंभर-दीडशे वर्षं ते एका पुस्तकातून दुसऱ्यात जात राहिलं. व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं तरीही.

उंबरठ्यावरची

मला वेगळंच विचारायचंय. या चिनी लोकांना आपण 'रसायन' करतोय असं वाटत तरी होतं का?

निळीशाई

हा खरा प्रश्न, आणि तो नेटाने विचारला नेथन सिविन (१९३१–२०२२) यांनी. चिनी किमयेवरचं त्यांचं पुस्तक १९६८ चं. नीडमनी मोठ्या मनाने याच माणसाला पाचव्या खंडाच्या चौथ्या भागात (१९८०) किमयेच्या सिद्धान्तावर स्वतंत्र प्रकरण लिहायला दिलं. सिविन यांचा रोख असा की किमयागार पदार्थांचे गुणधर्म शोधायला बसलाच नव्हता, तो काळ आटवत होता. जमिनीच्या पोटात खनिज पिकत पिकत जातं आणि ४३२० वर्षांनी निसर्गाचं अमृत तयार होतं, अशी समजूत. वर्षाचे दिवस ३६० धरले आणि दिवसाचे चिनी प्रहर १२, तर वर्षात प्रहर ४३२०. म्हणजे भट्टीतला एक प्रहर बरोबर बाहेरचं एक वर्ष. कोळसा किती, कधी वाढवायचा, कधी कमी करायचा, हेही ऋतूंच्या चढउतारावर बेतलेलं. भट्टी म्हणजे छोटं विश्व, आणि तिच्यासमोर बसून काळाचं अख्खं चक्र डोळ्यांदेखत फिरताना बघायचं.

हे वाचल्यावर वैद्यबाईंची मंद-मध्यम-तीव्र आच मला वेगळीच दिसायला लागली.

पेठेतला पाव्हणा

४३२०? कलियुग ४,३२,००० वर्षांचं!! आता बोला.

शंकेखोर

बोलतो. १२ गुणिले ३६० करा, येतं. बारा आणि तीनशे साठ धरणाऱ्या कुणालाही येतं. विषय संपला.

दुपारची झोप

आणि आपला 'किमया' शब्द? मास्तरांनी अरबी सांगितला होता.

तळघरातला मारुती

अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे, इथपर्यंत वाद नाही. अरबी 'अल-कीमिया' ग्रीकमधून, हेही सर्वमान्य. ग्रीक शब्द कुठला, यावर मारामारी: कुणी म्हणतं ओतण्या-वितळवण्याच्या धातूवरून, कुणी म्हणतं इजिप्तच्या 'काळी भूमी' या नावावरून. पाकिस्तानातले अभ्यासक एस. महदीहसन यांनी तिसरीच बाजू मांडली: 'जिन-ये', म्हणजे सुवर्णरस. दक्षिण चीनच्या बोलीत 'जिन'चा उच्चार 'किम'. मग किम-या! नीडमना ते फार आवडलं होतं. भाषाशास्त्रज्ञांनी फारसं उचलून धरलं नाही. पण कानाला मराठी 'किमया' इतका तंतोतंत लागतो की मोह होतो.

उंबरठ्यावरची

शब्दांवरून आठवलं. चिनीत रसायनशास्त्राला 'ह्वाश्वे' म्हणतात, म्हणजे बदलाचं शास्त्र. हा एकोणिसाव्या शतकातला शब्द. १८७१ मध्ये शू शोउ आणि जॉन फ्रायर यांनी शांघायच्या जिआंगनान शस्त्रागारात रसायनाचं पाठ्यपुस्तक चिनीत आणलं. शू शोउ यांनी मूलद्रव्यांना नावं देताना इंग्रजी नावातला एखादा उच्चार घेऊन धातूच्या चिन्हाशेजारी बसवला, ती पद्धत अजून चालू आहे. त्यात जुन्या किमयेचा मागमूस नाही. आपण मात्र कॉलेजच्या पाटीवर 'रसायनशास्त्र' लिहितो आणि च्यवनप्राशालाही रसायन म्हणतो. एकच शब्द. मला वाटतं आपल्याला तो सांधा फुकटात मिळालाय, चिन्यांना त्यांचा जुना धागा परत शोधून बांधावा लागला. प्रफुल्लचंद्र रायांना आपल्या रसग्रंथांतून १९०२ मध्ये हिंदू रसायनाच्या इतिहासाचा पहिला खंड काढता आला, त्यांच्या तोडीचं चिनी काम दोन पिढ्यांनी आलं.

शंकेखोर

शब्द एकच असल्याचा तोटाही आहे. आपण समजून चालतो की आतली वस्तूही एकच.

खलातली वैद्य

+१

डोंगरकडेचा

पुराव्याबद्दल कुणी बोलेना, म्हणून. नानजिंगजवळ शियांगशानला १९६५ मध्ये वांग दानहू या बाईची कबर उघडली, मृत्यू इ.स. ३५९. आत दोनशेच्या वर लाल गोळ्या. तपासल्या, तर पारा आणि गंधक: हिंगूळ. ही गे होंगनंतरची जेमतेम पिढी. १९७० मध्ये शिआनजवळ हजिआत्सुनला थांग राजवटीच्या काळातला खजिना सापडला, त्यात चांदीच्या डब्यांत प्रतवारी करून ठेवलेला हिंगूळ, डब्याच्या झाकणावर शाईने प्रकार आणि वजन लिहिलेलं. सोबत डाळिंबाच्या आकाराची चांदीची भांडी, भट्टीच्या कामाची मानतात. ग्रंथ काहीही म्हणोत, झाकणावरची शाई थापा मारत नाही.

आणि खाणारे खरोखर खात होते. थांग सम्राटांपैकी ८२४, ८४६ आणि ८५९ मध्ये गेलेले तिघे या अमृतानेच गेले असं मानतात. हो पेंग योक आणि नीडम यांनी १९५९ मध्ये या विषबाधांवरच लेख लिहिला.

निळीशाई

हो पेंग योक (१९२६–२०१४) राहिलेच की! मलायाचे, मूळचे भौतिकीवाले. १९५८ ला केंब्रिजला आले आणि त्साओंच्या टिपणांचं काम पुढे नेलं. मालिकेचा मूळ बेत सात खंडांचा होता. एकट्या किमयेनेच चार भाग खाल्ले: १९७४, ७६, ८० आणि ८३. शेवटचा भाग तर भट्टी सोडून देहाच्या आतल्या किमयेवर. श्वास, वीर्य, लाळ हीच द्रव्यं आणि पोट हीच मूस. आपल्या नाथपंथी मंडळींना तो घरचा वाटेल. त्यावर वेगळा धागा काढते, इथे घुसवत नाही.

लू ग्वेइजेन १९५७ पासून केंब्रिजलाच होत्या. १९८९ मध्ये, नीडमच्या पहिल्या पत्नी गेल्यानंतर दोन वर्षांनी, दोघांनी लग्न केलं. तो ८८ वर्षांचा, ती ८५. दोन वर्षांनी तीही गेली.

दुपारची झोप

देहाच्या आतल्या किमयेचा भाग लवकर टाका. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).
वैद्यबाई, एक राहिलं. तांब्याचा पैसा आणलात कुठून? आता मिळतो का?

खलातली वैद्य

आजीच्या डब्यातला. ब्रिटिशांचा, शेवटच्या वर्षांतला भोकाचा पैसा. भोकात तार ओवली की बाटलीच्या तोंडावर धरताना हात भाजत नाही, हे आमच्या सरांनी दाखवलं. वांग जिन यांची वूझू नाणीही भोकाचीच ना, चौकोनी भोकाची? माझ्या पैशावर एका बाजूला पाऱ्याचा पांढरा डाग अजून आहे, म्हणून नातवंडांना हात लावू देत नाही.

निळीशाई

हो, चौकोनी. फोटो टाका. डागाच्या बाजूचा.